मालमोटारींचे सारथी

अमेरिकेत मालमोटारींस चालक मिळत नाहीत, अशी तेथील कंपन्यांची जुनी तक्रार आहे. आम्हांस मात्र वाटते की, चालक मिळतात, पण टिकत नाहीत. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत दर शंभर चालकांमागे वर्षाकाठी 90 हून अधिक नोकऱ्या सुटल्याची नोंद कित्येक वर्षी झाली आहे. कारण उघड आहे. वेतन बहुधा मैलांवर मोजतात. गुदामाच्या दारी माल उतरण्याची वाट पाहण्यात तासन् तास गेले, तरी पुष्कळदा त्यांचा मोबदला नाही. शिवाय 1938 च्या श्रमकायद्यातील जादा कामाच्या दीडपट वेतनाचा नियम आंतरराज्य चालकांस बहुतांशी लागू नाही. आठवडेच्या आठवडे गृहसौख्यास मुकावे लागते, ते निराळेच. फुटक्या घागरीत पाणी ओतीत बसण्यापेक्षा घागर सांधावी, हे बरे. सारथ्याच्या वेळेचे मोल जो धनी जाणील, त्याच्यापाशीच सारथी राहील.