जॉर्जटाऊनची छपरे आणि भिंती

मलाक्का सामुद्रधुनीच्या उत्तरेकडील मुखाशी, मलायाच्या पश्चिम किनाऱ्यापासून अवघ्या दोन-तीन मैलांच्या पाण्याने अलग झालेल्या पिनांग बेटावर फ्रान्सिस लाइट नावाच्या व्यापारी कप्तानाने १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने जी वसाहत उभी केली, तिला तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावावरून जॉर्जटाऊन हे नाव मिळाले. १८६७ पर्यंत तिचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या दप्तरातून चालत असे. आणि १८५८ साली अंदमानात कैद्यांची वसाहत कायम होण्यापूर्वी मुंबई, मद्रास व कलकत्ता या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी येथे उतरवले जात, ही गोष्ट आपल्याकडे आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तेथल्या जुन्या सडका ज्यांच्या श्रमातून निघाल्या, त्यांत काही कोकणातले आणि देशावरचेही असणार.

हे शहर कलेच्या दृष्टीने पाहू जाणाऱ्याने संग्रहालयाचा दरवाजा थोडा उशिराच ठोठवावा, असे माझे मत आहे. कारण येथील शिल्पकलेचा मोठा आणि जिवंत भाग उघड्यावर, ऊन-पावसात उभा आहे, आणि त्यातला पुष्कळसा अशा हातांनी घडवला आहे की ज्यांनी स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याचा विचारही कधी केला नसेल.

सरकारी शिल्पे आहेतच. कॉर्नवॉलिस किल्ल्यात फ्रान्सिस लाइटचा धातूचा पुतळा आहे. वसाहतीला दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १९३६ साली, एफ. जे. विल्कॉक्सन या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला. लाइटचे विश्वसनीय असे चित्र कोठेच उपलब्ध नसल्यामुळे त्याचा मुलगा विल्यम, ज्याने पुढे ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहराची आखणी केली, त्याच्या चेहऱ्यावरून बापाचा चेहरा घेण्यात आला. जवळच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाप्रीत्यर्थ चिआ चेन एओक या धनिकाने बांधून दिलेला घड्याळाचा मनोरा आहे. त्याची उंची साठ फूट आहे, म्हणजे राज्याच्या प्रत्येक वर्षाला एक फूट. दोन्ही वास्तू प्रेक्षणीय आहेत, आणि सत्तेला स्वतःचे स्मरण कसे करून द्यावेसे वाटते याचा चांगला दाखलाही. पण नगराचे अंतःकरण तेथे सापडत नाही.

ते शोधायला आतल्या गल्ल्यांत शिरावे लागते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, दर्शनी बाजू अरुंद पण खोली पुष्कळ, मधे उजेडासाठी व वाऱ्यासाठी ठेवलेला उघडा चौक, अशी एकमेकांना चिकटलेली घरे रांगेने उभी आहेत, आणि त्यांच्या पुढून, वरच्या मजल्याच्या सावलीत, पाच फुटी पडवी सलग चालत जाते. या पडवीत थोडे सावकाश चालावे. दाराशी जमिनीलगत भूमिदेवतेचे तांबडे देवघर असते आणि वर भिंतीवर आकाशदेवतेचे. खिडकीवरील हवेचे झरोके वटवाघळाच्या आकाराचे कोरलेले असतात, कारण चिनी समजुतीप्रमाणे वटवाघूळ हे सौभाग्याचे चिन्ह आहे. दारावर सोनेरी वर्ख दिलेली, खोदलेल्या अक्षरांची लाकडी पाटी असते. दुपारचे ऊन अडवण्यासाठी सोडलेल्या बांबूच्या चिकाच्या पडद्यांवर दुकानाचे नाव हाताने रंगवलेले असते. तमिळ वस्तीत, क्वीन स्ट्रीटवरील १८३३ सालच्या मारिअम्मन देवळाच्या आसपास, सकाळी उंबऱ्यापुढे कोलम उमटतात आणि देवळाचे गोपुर सगळ्या रस्त्याला आपली मूर्तींची दुनिया दाखवीत असते. यांतील एकही वस्तू केवळ शोभेसाठी नाही. झरोका घरातला उष्मा बाहेर सोडतो, पडदा ऊन अडवतो, पाटी गिऱ्हाईक बोलावते. आणि एवढे काम करूनही त्या सुंदर आहेत, कारण त्या करणाऱ्याला त्या तशाच करायला शिकवले होते.

मात्र या शहराची सर्वश्रेष्ठ शिल्पे पाहण्यासाठी मान वर करावी लागते. कॅनन स्क्वेअरमधील खू कोंगसी हे फुकिएन प्रांतातून आलेल्या खू कुळाचे सामाईक कुलगृह. आधीची वास्तू १९०१ साली आगीत भस्मसात झाली. तिचे वैभव देवांनाही सहन झाले नाही अशी आख्यायिका झाली, आणि १९०६ साली पुरे झालेले आजचे कुलगृह त्या मानाने आटोपशीर ठेवले गेले असे सांगतात. आटोपशीर म्हटलेल्या या इमारतीच्या छपराच्या कण्यावर नाग, मोर, सेनापती, घोडे आणि फुलांचे ताटवे अशी दाटी झालेली आहे की प्रथमदर्शनी नजर ठरतच नाही. ही कामगिरी दगडाची नाही, लाकडाचीही नाही. ती भांड्यांच्या तुकड्यांची आहे.

या कारागिरीला चिएन-निएन म्हणतात. तारेचा सांगाडा करून त्यावर चुना, वाळू, कागदाचा लगदा आणि साखरेचा पाक यांच्या मिश्रणाने आकृती घडवायची. रंगीत झिलईच्या चिनी मातीच्या वाट्या चिमट्याने फोडून त्यांचे कपटे खवल्याच्या, पिसाच्या, पाकळीच्या आकाराचे काढायचे. आणि गिलावा ओला आहे तोवर एकेक कपटा त्यात रोवीत जायचे. वाटीच्या बाकातच पाकळीचा बाक असतो, तो ओळखून कारागीर कोणता तुकडा कोठला हे ठरवतो. ज्या फुटक्या भांड्याला आपण अशुभ समजून घराबाहेर काढतो, त्यातून येथे कुलदेवतेच्या मस्तकावरचा मुकुट तयार झाला, या विचाराने मन भरून येते. शिवाय हे केवळ सौंदर्य नव्हे, तो एक विचारपूर्वक केलेला बंदोबस्त आहे. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, बारमाही दमट उष्मा आणि खारा वारा यांपुढे रंगवलेली मूर्ती फार काळ टिकत नाही. झिलईचा रंग भट्टीतच पक्का झालेला असतो, आणि पाऊस त्याला उलट धुऊन उजळतो.

या मानाने भिंतींवरची कला अगदी अलीकडची. २००८ साली युनेस्कोने मलाक्का शहराबरोबर जॉर्जटाऊनला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर पिनांग सरकारने रस्त्यांची ओळख पटवणाऱ्या कलाकृतींसाठी स्पर्धा जाहीर केली, आणि तीतून लोखंडी सळ्या वाकवून केलेली बावन्न व्यंगचित्रे भिंतींवर चढली. पेन्सिलीची एक रेघ भिंतीपासून चार बोटे सुटून उभी राहावी तशी ही शिल्पे दिसतात, आणि ऊन तिरपे झाले की प्रत्येकीची सावली भिंतीवर दुसरे चित्र काढते. पण त्यांचे खरे मोल मला त्यांच्या विषयांत वाटते. कॅनन स्ट्रीटवरील शिल्प १८६७ च्या दंगलीची आठवण ठेवते, ज्या वेळी दोन चिनी गुप्त मंडळ्यांच्या अनुयायांत कित्येक दिवस लढाई जुंपली होती आणि तोफेच्या गोळ्याने पडलेल्या खड्ड्यावरून रस्त्याचेच नाव पडले. मुंत्री स्ट्रीटवर एक मोलकरीण आहे. दक्षिण चीनमधून आलेल्या, पांढरा सदरा आणि काळी विजार घालणाऱ्या, पुष्कळदा आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतलेल्या या बायका श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक, धुणे, मुले सगळे एकटीने सांभाळीत. ज्यांच्यासाठी कोणत्याही सरकारने चौथरा बांधला नसता, त्यांतील एकीला या नगराने भिंतीवर जागा दिली, याबद्दल मला या लोखंडी रेषांविषयी मनापासून आदर वाटतो.

२०१२ साली जॉर्जटाऊन महोत्सवासाठी अर्नेस्ट झाखारेविच या लिथुएनियन चित्रकाराने काढलेल्या भित्तिचित्रांनी मात्र शहराची कीर्ती दूरवर नेली. आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीला खरीखुरी जुनी सायकल टेकलेली आहे, आणि तिच्यावर बसलेली दोन भावंडे रंगाने काढलेली आहेत. चित्र गोड आहे, आणि भिंतीचा पडका पोपडा त्याने चित्राचाच भाग करून टाकला हे कौशल्य मोठे आहे. परंतु त्याच्यापुढे छायाचित्रासाठी लागणारी रांग पाहिली, आणि त्याच्या अनुकरणाने इतरत्र उगवलेली निर्जीव चित्रे पाहिली, की कलेला लोकप्रियता किती लवकर थकवते हे ध्यानात येते. समुद्रात खांबांवर वसलेल्या च्यू कुळाच्या धक्क्यावर त्याने काढलेले होडीतल्या मुलांचे चित्र खाऱ्या वाऱ्याने लवकरच पुसट होत गेले.

नष्ट होण्यासाठीच घडवलेले शिल्पही येथे आहे. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, अतृप्त पितर भूतलावर येतात त्या काळात, बाजारपेठांतून बांबू व कागदाची, पुरुषभराहून कितीतरी उंच अशी यमलोकाच्या अधिपतीची मूर्ती उभी करतात आणि शेवटच्या रात्री तिला अग्नी देतात. गणपतीचे विसर्जन करणाऱ्या माणसाला यातील भाव समजावून सांगण्याची गरज नाही.

ही सर्व कला तेथे राहणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे, आणि तेथेच चिंता आहे. १९४८ पूर्वी बांधलेल्या घरांची भाडी १९६६ च्या कायद्याने गोठवली होती. तो कायदा १९९७ साली रद्द झाला आणि २००० सालाच्या आरंभी भाडेकरूंचे संरक्षण संपले. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेले पाटीवाले, सुतार, उदबत्त्या वळणारे असे कित्येक कारागीर उठून गेले. काही मालकांनी रिकाम्या माड्या पाकोळ्यांच्या हवाली केल्या, कारण त्यांच्या खाद्य घरट्यांना चीनमध्ये मोठी किंमत येते. वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेरील खडकांवर ज्यांची वसाहत आहे, त्याच जातकुळीचे हे पक्षी. त्यांची विष्ठा आणि घरात मुद्दाम राखलेला ओलावा यांनी लाकूड व चुना दोन्ही कुजतात, म्हणून अखेरीस वारसाक्षेत्रातून हा धंदा हटवण्याचे सरकारने ठरवले.

जीर्णोद्धाराचा चांगला दाखलाही येथेच आहे. नीळ मिसळलेल्या चुन्याने रंगवलेल्या चिओंग फात त्झे यांच्या वाड्याची दुरुस्ती करताना मालकांनी सिमेंटला हात न लावता चुनाच वापरला, कारण दमट हवेत भिंतीने श्वास घेतला पाहिजे, एरवी आत कोंडलेले पाणी आणि क्षार गिलावा फोडून बाहेर येतात; आणि छपरावरच्या चिएन-निएनसाठी कारागीर चीनमधून आणवले, २००० साली त्या कामाला युनेस्कोचा सन्मान मिळाला. परंतु ज्या गावात शेकडो छपरांवर ही कारागिरी आहे, त्या गावाला ती दुरुस्त करणारा हात परदेशातून मागवावा लागावा, ही स्थिती बरी नव्हे. भिंतीवरच्या चित्रांना मिळणाऱ्या पैशांतला काही वाटा चिमटा आणि वाटी घेऊन बसणाऱ्या शागिर्दाच्या रोजंदारीवर, आणि त्याला गावातच परवडेल अशा भाड्याच्या खोलीवर खर्च व्हावा, असे मला फार वाटते.