ग्रास कटर सारखा बंद पडतो तेव्हा

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटरची घरघर सुरू होते. रान कमरेइतकं वाढलेलं, गडी दिवसाच्या मजुरीवर आलेला, आणि मशीन दर दहा मिनिटांनी बंद. अशा वेळी बागेतला प्रत्येक जण एकच निदान करतो, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ मग पान्हे निघतात, कार्बोरेटरवरचे बारीक स्क्रू उलटसुलट फिरवले जातात, आणि दहा मिनिटं का होईना चालणारं मशीन मुळीच चालेनासं होतं.

कचरा येतो, हे खरं आहे. पण सुरुवात तिथून करू नये. इंजिन कधी बंद पडतं आणि कसं बंद पडतं, हे नीट पाहिलं तर निम्मं काम तिथेच होतं.

समजा, ते दहा-पंधरा मिनिटं छान चाललं, मग दम लागल्यासारखं मंदावत बंद पडलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. अशा वेळी आधी टाकीचं झाकण पाहा. टाकीतलं पेट्रोल जितकं कमी होईल तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वेगळ्या नळीत बारीक वाट ठेवलेली असते. धूळ आणि गवताच्या चिकट थराने ती बुजली की हवा आत येत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. बंद पडल्यावर झाकण हळूच सैल करा. ‘स्स’ करून हवा आत ओढली गेली आणि मशीन लगेच लागलं, तर दोष सापडला. फक्त तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नका.

याच्याशी मिळताजुळता दुसरा आजार म्हणजे कॉइल. इथे मंदावणं नसतं. तापलेलं इंजिन गपकन बंद होतं आणि अर्ध्या तासाने, निवल्यावर, काही झालंच नाही असं चालू लागतं. अशा मशीनची तपासणी गरम असतानाच करावी लागते. दुकानात पोहोचेपर्यंत ते थंड होतं आणि मेकॅनिकच्या हातात निर्दोष निघतं. विनाकारण नवा कार्बोरेटर बसतो तो बहुधा याच वेळी.

‘दोरी ओढत राहा, लागेल’ हाही असाच एक समज. चोक लावून ओढत राहिलात तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचत जातं आणि प्लग भिजतो. तेव्हा थांबा. प्लग काढा, पुसा, चोक उघडा, प्लगशिवाय पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या, मग प्लग बसवा. प्लग काढलाच आहे तर तो नीट पाहा. ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, गडबड ठिणगीत किंवा जादा पेट्रोलात आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही.

मंद चालतं पण रेस दिली की मरतं, तेव्हा मात्र टाकीतला फिल्टर, चिरलेली नळी आणि मग कार्बोरेटरचा जेट, या क्रमाने जावं. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजली असेल तरी इंजिन असंच गुदमरतं. एअर फिल्टर काढून मशीन चालवणारेही भेटतात, ‘मोकळा श्वास मिळतो’ म्हणून. त्या वाटेने आत जाणारी धूळ पिस्टन आणि सिलिंडर घासून टाकते. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवला की पुरतो.

ऑइलबाबतचा समज सगळ्यांत महागात पडतो. ‘थोडं जास्तच बरं.’ टू-स्ट्रोकसाठी ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. पुस्तिकेत असेल तेच खरं, आणि मोजमाप झाकणाच्या अंदाजाने करू नये. जादा ऑइलने काजळी धरते, प्लग काळा पडतो. शिवाय ऑइल वाढलं तितकं पेट्रोल कमी होतं आणि इंजिन जास्त तापतं. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मुळीच घालायचं नसतं. त्याचं ऑइल वेगळ्या जागी असतं. फोर-स्ट्रोक इंजिनाचा पाण्याचा पंप उतारावर ठेवला की बंद पडतो, तेव्हाही पुष्कळदा काही बिघडलेलं नसतं. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ते बंद करणारा सेन्सर असतो, आणि कलंडलेल्या इंजिनात त्याला ऑइल कमीच दिसतं.

राहिलं पेट्रोल. ‘कालचं काय, गेल्या वर्षीचंही चालतं’ असं म्हणणाऱ्यांनी आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं हे लक्षात घ्यावं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. पेट्रोल ओढणारा फिल्टर नेमका तळाशी असतो. म्हणून महिनाभरात संपेल इतकंच मिश्रण करावं आणि बेणणी संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहिलं तर ते आटून जेटमध्ये डिंकासारखं चिकटतं, आणि पुढच्या हंगामात मशीन लागत नाही ते त्यामुळे.