गॅस गिझर: पाण्याला नळी आहे, धुराला वाट कुठे आहे?

न्हाणीघरात गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर येत नाही. हाका मारूनही उत्तर मिळत नाही. दार तोडल्यावर ती जमिनीवर निपचित पडलेली आढळते. गिझर सुरू असतो आणि नळातून गरम पाणी वाहत असते. हिवाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील शहरांतून अशा बातम्या येऊ लागतात. मार्च 2023 मध्ये होळीच्या दिवशी रंग खेळून घरी परतलेले एक दाम्पत्य मुंबईत घाटकोपर येथे बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळले, तेव्हाही प्राथमिक संशय गॅस गिझरवरच होता.

अशा घटनांनंतर सर्वत्र एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे 'गॅसगळती'. हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याच चुकीत धोका दडलेला आहे. गळती असती तर वास आला असता. येथे गॅस गळत नाही, तो जळतो. मात्र नीट जळत नाही, आणि जळून उरलेल्या धुराला बाहेर पडण्यास वाट नसते.

गळती नव्हे, अपुरे ज्वलन

स्वयंपाकाचा एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो, तर पाइपद्वारे घरोघरी येणारा नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसल्याने गळती लक्षात यावी म्हणून त्यांत उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. गॅस जळताना हे द्रव्यही जळून जाते. त्यामुळे धुराला तो ओळखीचा वास उरत नाही.

भरपूर हवा मिळाली तर गॅसचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकलाही येत नाही. त्याची घनता जवळपास हवेइतकीच असल्याने तो एलपीजीप्रमाणे जमिनीलगत साचून न राहता संपूर्ण खोलीत मिसळतो. खाली वाकून किंवा उंच उभे राहून त्याच्यापासून सुटका होत नाही.

दहा मिनिटांचा हिशेब

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दिसायला लहान असला तरी त्याची आच मोठी असते. पाण्याचे तापमान 25 अंशांनी वाढवायचे तर त्याला सुमारे 12 किलोवॉट उष्णता लागते. स्वयंपाकघरातील चार-पाच शेगड्या मोठ्या आचेवर एकाच वेळी पेटवाव्यात, तशी ही स्थिती असते. दहा मिनिटांत अंदाजे 160 ग्रॅम गॅस जळतो आणि त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्ची पडतो.

आता बाथरूमचा आकार पाहावा. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा बाथरूममध्ये जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. दार-खिडकी घट्ट बंद आहे असे धरले, तर चार मिनिटांच्या आतच हवेतील प्राणवायूचे प्रमाण 21 टक्क्यांवरून 18 टक्क्यांपर्यंत उतरते. याच पातळीच्या आसपास ज्योत बिघडू लागते आणि विषारी वायूचे प्रमाण झपाट्याने वाढते. दाराच्या फटीमुळे प्रत्यक्षात ही वेळ थोडी लांबते, टळत मात्र नाही. घरातील चार जणांनी लागोपाठ आंघोळ केली, तर पहिल्याला काही होत नाही आणि चौथा संकटात सापडतो. होळी-रंगपंचमीच्या दिवशी रंग काढण्यासाठी लांबणारी आंघोळ त्यामुळेच अधिक धोक्याची ठरते.

रक्तात काय घडते?

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला 200 हून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास सुरू असूनही मेंदू आणि हृदय प्राणवायूविना राहतात. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 1,600 भाग असतील तर 20 मिनिटांत डोकेदुखी, चक्कर व मळमळ सुरू होते. हेच प्रमाण 3,200 भाग झाले तर अर्ध्या तासात आणि 12,800 भाग झाले तर अवघ्या एक ते तीन मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

सर्वांत क्रूर बाब अशी, की धोक्याची जाणीव होते तोवर हातापायांतील बळ गेलेले असते. कडी दोन हातांवर असते, पण तिथवर पोहोचता येत नाही. जे वाचतात त्यांनाही काही दिवसांनी वा आठवड्यांनी विस्मरण, हालचालींतील मंदपणा यांसारखे त्रास उद्भवू शकतात. आंघोळीच्या वेळी आलेली फिट ही अपस्मार समजली जाते आणि कारण गिझर असतो, अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केल्या आहेत.

झरोका आणि एक्झॉस्ट फॅन पुरेसे का नाहीत?

'आमच्या बाथरूमला खिडकी आहे' हे उत्तर नेहमीचे आहे. परंतु थंडीच्या दिवसांत त्याच काचा बंद केल्या जातात, फटींत कागद कोंबला जातो किंवा कबुतरांचा उपद्रव नको म्हणून पत्रा ठोकला जातो. शिवाय एकच झरोका असून भागत नाही. ताजी हवा आत येण्यासाठी खालच्या बाजूला आणि धूर बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला, अशा दोन स्वतंत्र व कायम उघड्या वाटा लागतात.

एक्झॉस्ट फॅनवर विसंबणेही योग्य नाही. वीज गेली की तो थांबतो, आणि गिझर मात्र दोन सेलवर प्रज्वलित होत असल्याने सुरूच राहतो. धूरनळी असलेल्या गिझरच्या बाबतीत तर हाच पंखा कधीकधी उलटा परिणाम करतो. उष्ण धूर हलका असल्याने नळीतून आपोआप वर चढतो, पण दोन मीटर उंचीच्या नळीत हा ओढा अतिशय क्षीण असतो. दारे-खिडक्या बंद असताना एक्झॉस्ट फॅन किंवा स्वयंपाकघरातील विजेची चिमणी हवा जोराने बाहेर खेचू लागली, की तिची भरपाई करण्यासाठी हवा धूरनळीतूनच आत शिरते आणि तिच्यासोबत धूरही घरात परततो.

गिझर कोणता, बसवावा कोठे?

धुराची विल्हेवाट कशी लागते, यावरून गॅस गिझरचे तीन ढोबळ प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात धूरनळीच नसते. धूर गिझरच्या वरच्या फटींतून थेट खोलीत येतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक लहान गिझर याच प्रकारचे असतात. दुसऱ्या प्रकारात धूर नळीवाटे बाहेर जातो, पण ज्वलनासाठी लागणारी हवा खोलीतूनच घेतली जाते. तिसऱ्या प्रकारात हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. खोलीतील हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही.

ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये केवळ हा तिसऱ्या प्रकारचा गिझर बसवता येतो. आपल्याकडे एलपीजीवरील गिझरसाठी आयएस 15558 हे भारतीय मानक असून खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहणे आवश्यक आहे. मात्र हे चिन्ह उपकरणाच्या दर्जाची हमी देते, ते चुकीच्या जागी बसवल्यावर होणाऱ्या परिणामांची नव्हे.

म्हणूनच गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, खुल्या हवेत आहे. ड्राय बाल्कनी किंवा मोकळ्या गच्चीलगतची भिंत त्यासाठी योग्य. तेथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची नळी नेण्यास थोडा अधिक खर्च येतो. वाचवला जातो तो नेमका हाच खर्च. पुढे त्याच बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली, तर गिझर पुन्हा कोंडलेल्या खोलीतच आला, हेही ध्यानात ठेवायला हवे.

डक्ट म्हणजे धुराडे नव्हे

शहरांतील इमारतींत आणखी एक चूक सर्रास आढळते. गिझरचा धूर इमारतीच्या डक्टमध्ये सोडला जातो. ज्या डक्टमध्ये पहिल्या मजल्यावरचा धूर शिरतो, त्याच डक्टमध्ये वरच्या सर्व मजल्यांवरील बाथरूमच्या खिडक्या उघडतात. चुकीची नळी एका घराची आणि विषबाधा दुसऱ्या घरात, असा प्रकार त्यातून घडू शकतो.

धूर बाहेर पडण्याची जागा किती महत्त्वाची असते, याचे उदाहरण टेनिसच्या इतिहासात आहे. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणारे अमेरिकी खेळाडू विटास जेरुलायटिस यांचा सप्टेंबर 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साउथहॅम्प्टन येथे एका अतिथिगृहात मृत्यू झाला. तेव्हा ते 40 वर्षांचे होते. जलतरण तलावाचे पाणी तापवणाऱ्या गॅस हीटरची धूरनळी चुकीच्या पद्धतीने बसवलेली होती. त्यामुळे धूर वातानुकूलन यंत्रणेतून ते झोपले होते त्या खोलीत शिरला.

धूरनळी धातूचीच असावी. तिला कमीत कमी वळणे असावीत. पंखा नसलेल्या गिझरची नळी गिझरपासून सरळ वर चढलेली असावी आणि तिच्या तोंडाशी पावसापासून बचाव करणारी टोपी व पक्ष्यांना रोखणारी जाळी असावी. नळीचे तोंड कोणत्याही खिडकीजवळ, एसीजवळ वा शेजाऱ्याच्या बाल्कनीत येता कामा नये.

अमेरिका व कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी तळघरातील गॅस भट्टी, म्हणजे 'फर्नेस', प्लास्टिकच्या नळीतून धूर बाहेर सोडताना दिसते. ती भट्टी धुरातील बहुतांश उष्णता आधीच शोषून घेते, म्हणून तेथे प्लास्टिक चालते. आपल्याकडील गिझरचा धूर बराच उष्ण असतो. त्याला पीव्हीसी नळी जोडणे घातक आहे. त्या देशांतील धोका वेगळा आहे. बाजूच्या भिंतीतून निघालेल्या या नळीचे तोंड हिमवर्षावात बुजू शकते, म्हणून प्रत्येक हिमवादळानंतर ते मोकळे करावे लागते.

घरच्या घरी तपासणी

• गिझर सुरू करून दोन-तीन मिनिटांनी पेटती उदबत्ती धूरनळीच्या जोडाजवळील मोकळ्या फटीपाशी धरावी. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर नळीची वाट मोकळी आहे. तो खोलीकडे फेकला गेला तर गिझर तत्काळ बंद करावा.

• घरातील एक्झॉस्ट फॅन व चिमणी सुरू ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी.

• ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी ज्योत किंवा गिझरवर काजळी दिसल्यास तो वापरू नये. मात्र ज्योत निळी आहे म्हणून सर्व ठीक आहे, असे गृहीत धरू नये.

• हिवाळ्यापूर्वी दरवर्षी जाणकार तंत्रज्ञाकडून बर्नर व नळी साफ करून घ्यावी. नळीच्या तोंडाशी कबुतरांनी घरटे केले नाही ना, हे पाहावे.

• कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा अलार्म बसवावा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो. तो या वायूची सूचना देत नाही.

• गिझर आजच हलवणे शक्य नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खोलीतील हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. हा तात्पुरता उपाय आहे, पर्याय नव्हे.

दुर्घटना घडल्यास

दार उघडून व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात. मदत करणाऱ्याने आत रेंगाळू नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करावी व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पोहोचताच 'गॅस गिझर सुरू होता' हे स्पष्ट सांगावे, कारण उपचारांची दिशा त्यावरून ठरते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर येथे विश्वास ठेवू नये. हे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्त समजते आणि मरणासन्न रुग्णातही 98 किंवा 99 असा आकडा दाखवू शकते. खरे प्रमाण रक्ततपासणीतूनच कळते. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हीच वेळ सुमारे 80 मिनिटांवर येते. 'आता बरे वाटते आहे' म्हणून रुग्णाला घरीच झोपवणे त्यामुळे योग्य नाही. गर्भवती महिलांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी, कारण गर्भाला अधिक इजा पोहोचते.

गिझर घेताना दुकानात किंमत, लिटर आणि हमीची वर्षे विचारली जातात. प्लंबर येतो, पाण्याची नळी कोठून न्यायची ते विचारतो आणि तासाभरात काम उरकून जातो. धूर कोठून जाणार, हा प्रश्न ना विक्रेता काढतो, ना ग्राहक. तो एक प्रश्न भिंतीला छिद्र पाडण्याआधी विचारला गेला, तर कोणाच्याही घरी बाथरूमचे दार तोडण्याची वेळ येणार नाही.