रक्ताचा निरोप चुकतो तेव्हा

बाळ पांढरेफटक दिसू लागले की शिरपूरच्या कोणत्याही घरात पहिला शब्द निघतो, "रक्त कमी आहे." मग लोहाचे औषध, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी सुरू होते. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण काही बाळांच्या अंगात लोह भरपूर असते. रक्त तयार करण्याचा निरोपच चुकलेला असतो. हा आजार म्हणजे थॅलेसेमिया.

निरोप कसा चुकतो, ते समजून घेऊ. तलाठ्याचे मूळ दप्तर आपण घरी आणत नाही. आपल्याला मिळते ती नक्कल, आणि शिक्का नसेल तर ती कोणी मानत नाही. पेशीतही तसेच आहे. हिमोग्लोबिन कसे बनवायचे हे डीएनएच्या दप्तरात लिहिलेले असते आणि ते दप्तर पेशीच्या केंद्रकातच राहते. बाहेर जाते ती त्याची नक्कल. तिला मेसेंजर आरएनए म्हणतात.

नक्कल बाहेर पडण्याआधी तिच्यावर तीन कामे होतात. पहिले, तिच्या पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी बसते. हाच तिचा शिक्का. टोपीमुळे नक्कल लवकर कुरतडली जात नाही आणि प्रथिने बनवणारी यंत्रणा तिला ओळखते. दुसरे, मागच्या टोकाला 'ए' या एकाच अक्षराची सुमारे 200 अक्षरांची शेपटी लागते. तिच्यामुळे नक्कल जास्त टिकते. तिसरे काम कात्रीचे. नकलेत मधेमधे निरुपयोगी मजकूर असतो. तो कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात. ही काटछाट 1977 साली उघड झाली आणि त्यासाठी फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांना 1993 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन या भागाच्या नकलेत कामाचे तीन तुकडे आणि मधे निरुपयोगी दोन तुकडे असतात. पहिला निरुपयोगी तुकडा 130 अक्षरांचा आहे. त्यातले पाचवे अक्षर 'जी' असले की कात्रीला कापायची खूण नीट दिसते. काहींच्या जनुकात तिथे 'सी' असते. मग कात्री भलतीकडेच चालते, बहुतेक नकला वाया जातात आणि हिमोग्लोबिन फारच कमी बनते. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हीच एका अक्षराची चूक आहे.

आई किंवा वडील, एकाकडूनच चूक आली तर माणूस फक्त वाहक असतो. तो आजारी नसतो. फार तर थोडा अशक्तपणा दिसतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा बाळाला साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यातून साचणारे लोह काढायला औषध लागते.

विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे वाहक जास्त आढळतात, म्हणून आपल्या वस्त्यांत सिकलसेलची तपासणी बरीच होते. सिकलसेलमध्ये काटछाट बरोबर होते, पण कामाच्या मजकुरातलेच एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे सिकलसेलच्या साध्या चाचणीत थॅलेसेमिया सापडत नाही. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही बाळाला आजार होऊ शकतो. म्हणून "सिकलसेल निगेटिव्ह" एवढ्या कागदावर थांबू नका.

काय करावे?

• लग्नाआधी, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच, सीबीसी आणि एचपीएलसी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. एचबीए-टू साडेतीन टक्क्यांहून जास्त असेल, तर व्यक्ती सहसा थॅलेसेमियाची वाहक असते.

• बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच करा. दोघे वाहक असतील तर पोटातल्या बाळाचीही तपासणी करता येते.

• लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर फेरिटिन आणि एचपीएलसी करायला सांगा.

• थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. घरात रुग्ण असेल तर प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

शेवटचे, पण महत्त्वाचे. असे बाळ जन्मले की बोल सुनेला लागतो. मोठा आजार होतो तेव्हा चूक दोघांकडून आलेली असते, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नसते. ती कर्माचे फळ नाही की कुणाची नजर नाही. एका अक्षराचा बदल आहे. आपण लग्न जुळवताना पत्रिका पाहत नाही. रक्ताचा अहवाल मात्र दोन्ही घरांनी जरूर पाहावा.