बाळंतिणीच्या दारात आता कोण येतं?

परवा वाशीतल्या एका नर्सिंग होमने माझ्या भाचीच्या हातात बाळंतपणाचं दरपत्रक ठेवलं. नॉर्मलचे इतके, सिझेरियनचे इतके, एसी खोली हवी तर वेगळे. चौथ्या दिवशी सुटी. पुढे टाके ठणकले, बाळ अंगावर पिईना, तर विचारायला एक फोन नंबर. तो कुणी उचलत नाही.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली, मुंबईला जोडणारा वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधीच्या दिवसांसाठी गळा काढणाऱ्यांत मी नाही. अडलेल्या बाईला ठाणं नाहीतर पनवेल गाठावं लागे. सुईणीचा हात हलका असेलही, पण नाळ कापायला हाताला लागेल ते पातं. चीक पिळून फेकायचा आणि धनुर्वाताने बाळ गेलं की बोल सटवाईला.

माझं दशक १९८५ नंतरचं. त्या वर्षी सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि घणसोलीच्या आमच्या आळीत लशींचा डबा खांद्याला लावून नर्सबाई यायची. पोटुशीला धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, आणि त्या गोळ्या कोंबड्यांना टाकल्या म्हणून सासवांना दम! सुईणीशी तिचं वैर नव्हतं. नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबण हे ती तिलाही शिकवायची. पाचवी पुजायच्या दिवशी ती बाळाची नाळ बघूनच गूळ-खोबरं घ्यायची.

माझी धाकटी १९८९ ची, कमी वजनाची. खाडीपलीकडे मुंबईत, सायन रुग्णालयात नेली. त्याच साली तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी केली होती. परक्या बाईचं दूध, म्हणून आजेसासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पोर मात्र बाळसं धरू लागली.

आखीव शहराचा डंका पिटणाऱ्यांनी नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या नव्या वसाहतींत, दवाखान्यांना भूखंड दिले. ज्यांची जमीन गेली त्या गावठाणांत ती एकटी नर्सबाई. नवी मुंबई महापालिका १९९२ साली कामाला लागली, मग तुर्भे, नेरूळ, ऐरोलीत माता-बाल रुग्णालयं आली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पुढच्या योजनांची नावं तेवढी लांबत गेली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि २५.४ टक्के सिझेरियन. पहिला आकडा सगळे मिरवतात, दुसऱ्यावर कुणी बोलत नाही. आणि घरी परतल्यानंतरचं काय? तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकातच दाखवून दिलं की, गावातल्याच शिकवलेल्या बाईने घरी येऊन नवजात बाळ सांभाळलं तर मृत्यू निम्म्याहून कमी होतात. त्यावरूनच आशाताईंच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविकांच्या, घरभेटी ठरल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

महापालिकेने या भेटी टॉवरांतल्या बाळंतिणींनाही द्याव्यात. आणि सोसायटीवाल्यांनो, आशाताई आली तर तिला वॉचमनच्या वहीपाशी तिष्ठत ठेवू नका.