हुरड्याचा रविवार, पेरणीपासून

पाहुण्यांचा डिसेंबरातला रविवार आमच्याकडे सप्टेंबरात पेरला जातो. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात हुरड्याच्या ज्वारीसाठी वेगळे तुकडे पाडलेले असतात. पहिल्या तुकड्यात पाभर फिरली की आठ-दहा दिवस थांबायचं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कारण हुरडा कुणासाठी थांबत नाही. ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते. मग दाणा आधी दुधात, नंतर चिकात भरतो. चिक घट्ट होऊ लागलाय, पण दाणा अजून टणक झालेला नाही, एवढे मधले काही दिवसच खरे हुरड्याचे. सगळं रान एकदम पेरलं तर या रविवारचे पाहुणे तृप्त होऊन जातील आणि पुढच्या रविवारी आलेल्यांच्या दाताखाली भाकरीची ज्वारी येईल.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हुरडा घरच्यांपुरता आणि सोयऱ्याधायऱ्यांपुरता होता. आता डिसेंबर-जानेवारीत सोलापूर, पुणे, मुंबईहून कुटुंबं मुलाबाळांसकट येतात. त्यांना दिसते ती धगधगती आगटी, बाजेवरचं ऊन आणि पत्रावळीवरचा हिरवागार ढीग. त्या ढिगामागे काय काय घडतं, ते आज सांगते.

चिंधी बांधलेला तुकडा

शुक्रवारी संध्याकाळी आबा, म्हणजे माझे सासरे, एकटेच रानात जातात. कणसातला एक दाणा काढून नखाने दाबतात. पांढरं दूध उडालं तर घाई झाली. नख रुतलंच नाही तर उशीर झाला. नखाखाली मऊ गोळा आला आणि कडेला दुधाचा ओलावा दिसला, की त्या तुकड्याच्या कोपऱ्यातल्या ताटाला लाल चिंधी बांधायची. रविवारी कणसं खुडणाऱ्याने फक्त चिंधी बघायची, प्रश्न विचारायचे नाहीत.

हुरड्याचा वाणही वेगळा. आमचा भाग मालदांडीचा. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी ३५-१ आजही राज्यभर पेरली जाते आणि शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ती मुख्यतः भाकरीची राणी. हुरड्याला सुरती, गूळभेंडी असे गोड, रसाळ दाण्याचे वाण हवेत, ज्यांचा दाणा चोळल्यावर बोंडातून पटकन सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्यासाठीचे वाण दिलेत. ते साधारण तीन-सव्वातीन महिन्यांत हुरड्यात येतात. एका वर्षी ऐन डिसेंबरात आभाळ भरून राहिलं, मावा पडला आणि पानांवर चिकटा साचला. त्या आठवड्यात ज्यांची बुकिंग होती त्यांना आबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "आता येऊ नका, पंधरा दिवसांनी या, दुसरा तुकडा चांगला आहे." सगळे आले. शेतकऱ्याने खरं सांगितलं तर शहरातला माणूस थांबतो, हे मी तेव्हा पाहिलं.

पाखरं आणि कॅसेटची फीत

पहिला तुकडा दुधात आला की सगळ्या शिवारातली पाखरं तिथे उतरतात, कारण त्या वेळी आजूबाजूला दुसरं कुठलं रान भरलेलं नसतं. गोड वाणाची चव त्यांनाही कळते. सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत माळ्यावर कुणीतरी उभं राहायलाच लागतं. गोफणीत दगड घालत नाही, मातीचं ढेकूळ घालतो. पाखरू उडतं ते गोफणीच्या फटकाऱ्याच्या आवाजानेच.

पिकाच्या दोन्ही कडांना खुंट रोवून आम्ही जुन्या कॅसेटची काळी फीत ताणून बांधतो. वारा सुटला की ती घुमते आणि उन्हात चकाकते, पाखरं बिचकतात. एकदा सात-आठ वर्षांच्या एका मुलीने ती फीत बोटांत धरून विचारलं, "ही कसली दोरी?" तिचे आजोबा तिथेच बांधावर बसले. कॅसेट म्हणजे काय, दोन चाकं कशी फिरायची, फीत अडकली की पेन्सिल घालून कशी गुंडाळायची, सगळं त्यांनी मातीत काडीने चित्र काढून दाखवलं. "मग यात गाणी आहेत अजून?" "आहेत की." ती पोरगी फितीला कान लावून कितीतरी वेळ उभी होती. त्या दुपारी पाखरं हाकायचं काम तिनेच मागून घेतलं आणि पत्र्याचा डबा वाजवत तिने पूर्ण कड सांभाळली.

सकाळची आंब

लवकर येणाऱ्या मुलांना मी आधी हरभऱ्यात नेते. त्यामागे कारण आहे. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो आणि पहाटेच्या दवात मिसळून पानावर थांबतो. त्याला आम्ही आंब म्हणतो. पूर्वी बायका रात्री हरभऱ्यावर पातळ कापड पसरायच्या आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत धरायच्या. पोटदुखीवर घरोघरी हेच औषध होतं. ऊन चढलं की दव जातं आणि आंबेची गंमतही.

मुलांना काही न सांगता मी म्हणते, पानांवरून हात फिरवा आणि बोट चाटा. पहिल्या मुलाचा चेहरा आंबट झाला की बाकीची सगळी पानांवर तुटून पडतात. वरण-भाताशिवाय काही खात नाही, अशी आईची तक्रार असलेला एक मुलगा डहाळ्यातले घाटे फोडून फोडून खात सुटला. त्याची आई लांबून बघत होती. जवळ येऊन टोकू नका, एवढंच मी तिला खुणेने सांगितलं.

आत्याबाईंचे हात

आगटी ही हुरड्याची चूल. हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात शेणी रचायच्या आणि पाहुणे यायच्या तासभर आधी पेटवायच्या. ज्वाळेवर कणीस धरलं तर वरून करपतं, आतून कच्चं राहतं. धूर सरला, आर लाल झाला की कणसं त्यात खुपसून फिरवायची. कणसाचा हिरवा रंग काळपट झाला आणि भाजक्या दाण्याचा गोड वास सुटला की बाहेर.

यानंतरचं काम आत्याबाईंचं, माझ्या सासूबाईंचं. कणीस आपटून राख झाडायची आणि हाताला चटका बसत असतानाच ते दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. दाणे सुपात पडतात, फोल वाऱ्यावर जातं. एका मुलाने त्यांना विचारलं, "आजी, हात भाजत नाहीत?"

"भाजत्यात की," आत्याबाई म्हणाल्या, "पण गार झाल्यावर दाणा बोंड सोडत न्हाई बाळा."

त्याने त्यांचा तळवा धरून उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "मला शिकवा." लहान मुलांना आम्ही नुसत्या हाताने चोळू देत नाही, गोणपाटाचा तुकडा देतो, त्यात कणीस गुंडाळून घासायचं. त्याने मूठभर हुरडा काढला, सुपात घेऊन फुंकर मारली आणि तो सगळा आपल्या बहिणीच्या पत्रावळीत वाढला. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, गोडी शेव समोर होतं. पण त्या पोरीने हुरडा तसाच, नुसता खाल्ला.

पालकांनी इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ज्वाळेला मुलं घाबरतात, राखेला घाबरत नाहीत; आणि वरून करडी दिसणारी राख आत तासन् तास पेटती असते. म्हणून आम्ही प्रत्येक आगटीभोवती चुन्याची रेघ मारतो, शेजारी पाण्याची बादली ठेवतो आणि पाहुणे उठल्याबरोबर आगटी विझवतो. हुरडा पोटाला जड असतो, तेव्हा वरून ताक प्यायचं.

शिवारातलं बोरन्हाण

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी एका आजींनी विचारलं, "नातीचं बोरन्हाण तुमच्याकडे केलं तर चालेल का?" संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणाचा काळ. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने त्या घेऊन आल्या होत्या. बाकी सगळं मुलांनीच शिवारातून गोळा केलं: बांधावरच्या बोरीची बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. तिळाच्या रेवड्या आणि चुरमुरे आमच्या घरातून आले.

बाळ गोधडीवर बसलं, आत्याबाईंनी ओवाळलं आणि डोक्यावरून अलगद बोरं-चुरमुरे ओतले. मुलांची झुंबड उडाली. दोन-तीन वेगवेगळ्या कुटुंबांची, सकाळपर्यंत एकमेकांना न ओळखणारी ती मुलं गोधडीवर एकत्र लोळत बोरं वेचत होती. लहान मुलांनी ऋतूतलं फळ खेळता खेळता खावं, ही त्या विधीमागची शहाणी योजना त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर उलगडली.

"मुलांसाठी काय आहे?"

हा प्रश्न फोनवर प्रत्येक जण विचारतो. बैलगाडी आहे, झोका आहे. मुक्कामी राहिलात तर रात्री कृत्तिकांचा पुंजका आणि मृगाचे ओळीतले तीन तारे आहेत. पण इतक्या हंगामांनंतर माझं ठाम मत झालंय की मुलांना करमणुकीपेक्षा काम द्यावं. झोक्यावर मूल दहा मिनिटं रमतं. पाखरं हाकायची, कणसं मोजून पाटीत भरायची, ताटं ओढून गाईला घालायची जबाबदारी दिली की ते जेवणाची हाक मारली तरी येत नाही. काम सोपं हवं, खरं हवं आणि त्याच्यावाचून आमचं अडायला हवं. मुलांना खोटं काम लगेच कळतं.

म्हणून येताना सकाळी लवकर निघा. पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी घाम येतो, तेव्हा मुलांना जाड स्वेटरपेक्षा एकावर एक दोन-तीन सुती कपडे घाला, पायात बंद बूट घाला. तारीख पक्की करण्याआधी हुरडा कधी तयार होईल ते शेतकऱ्याला विचारा आणि त्याप्रमाणे तारीख ठरवा.

आणि एक मागणं मनापासून. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, ज्वारीचं कौतुक खूप झालं. तरी आमच्या भोवतीच्या कितीतरी रानांतून ज्वारी गेली आणि ऊस आला. काढणी, मोडणी, मळणी हे कष्टाचं काम; भाव परवडला तरच शेतकरी ते करतो. ज्या रानातला हुरडा मुलांनी खाल्ला, त्याच रानात उरलेली कणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकून खळ्यावर येतात. तेव्हा त्याच घरी फोन करा आणि वर्षाची ज्वारी तिथूनच मागवा. भाकरी ताटात आली की ती कुठल्या रानातली, हे तुमची मुलंच तुम्हाला सांगतील. आम्हीही मग पुढच्या सप्टेंबरात तेवढं रान ज्वारीसाठी राखून ठेवू.