संसारोपयोगी विज्ञान – लेखांक सहावा : तवा, कढई आणि पातेले

मागील लेखांकात आपण इंधनाचा आणि ज्वाळेचा विचार केला; आज त्या ज्वाळेवर जे भांडे चढते त्याचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी सामान्य वाटतो. परंतु ज्या वस्तूच्या पृष्ठभागाला कुटुंबातील प्रत्येकाच्या अन्नाचा दिवसातून दोन वेळा आणि वर्षानुवर्षे स्पर्श होत असतो, तिची निवड दुकानातील झगझगाटावर अथवा विक्रेत्याच्या आश्वासनावर सोपवावी, हे कोणत्याही विचारी गृहस्थाला वा गृहिणीला पटण्याजोगे नाही. भांड्याचे गुणदोष त्या त्या मुलखातील अन्नापासून, पाण्यापासून आणि चुलीपासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून बारामती आणि इंदापूर या शेजारी तालुक्यांतील घरे दृष्टीपुढे ठेवूनच ही चर्चा करणे मला उचित वाटते.

या प्रांताला भांड्याचे शास्त्र नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी इकडे खेळू लागले, जिरायतीच्या जागी ऊस उभा राहिला आणि बारामतीची पेठ गुळासाठी नावारूपास आली. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना चुलवणावरची ती रुंद, उथळ, लोखंडी पत्र्याची काहील आठवत असेल. रसातील पाण्याची वाफ लवकर निघून जावी म्हणून ती रुंद. जळव्याने चिपाडाचा झोत कमी-अधिक केला की त्याचा परिणाम रसावर तत्काळ व्हावा म्हणून तिचा पत्रा बेताचा. आणि पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पोहोचला की क्षणाचाही विलंब न लावता ती उतरविता यावी म्हणून तिला कड्या. गुळव्याने काहील निवडली ती तिच्यात काय शिजावयाचे आहे हे पाहून, आणि हेच तत्त्व घरच्या स्वयंपाकालाही लागू पडते. सर्व कामांना सारखेच उत्तम असे भांडे कोणत्याही धातूचे होत नाही. धातू आणि अन्न यांची जोडी जुळली म्हणजे भांडे सुरक्षितही ठरते आणि किफायतशीरही.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. तांब्याची उष्णतावाहकता शास्त्रीय परिमाणात चारशेच्या घरात भरते, ॲल्युमिनियमची दोनशेच्या वर, पितळेची शंभराहून थोडी अधिक, ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची, पन्नासच्या आसपास, तर स्टेनलेस स्टीलची अवघी पंधरा. पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध किंवा खीर नेमकी ज्वाळेच्या वरच्या भागातच लागते, त्याचे कारण हेच की उष्णता बाजूला पसरण्यापूर्वी त्या एका जागी साचून राहते. यावर उपाय म्हणून स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर घातलेली, ज्यांना बाजारात ट्रायप्लाय म्हणतात ती, किंवा निदान जाड बुडाची भांडी निघाली आहेत. बीड उष्णता सावकाश पसरविते हे खरे. परंतु जाड आणि जड असल्यामुळे ते तिचा मोठा साठा करून ठेवते, आणि गार पीठ पडले तरी त्याचा ताव एकाएकी उतरत नाही. थालीपीठ, धिरडे, आंबोळी यांना बिडाचा तवा मानवतो, याचे मर्म या साठ्यात आहे.

आता आपल्या मुलखाचे मुख्य अन्न, म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, विचारात घेऊ. भाकरी टाकण्यापूर्वी तवा रिकामाच चांगला तापवावा लागतो, त्यावर तेलाचा थेंब नसतो, आणि पहिली बाजू सुकून दुसरी भाजून होईपर्यंत आच मोठी राहते. न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्याला, ज्याला आपण नॉनस्टिक म्हणतो, नेमके हेच वर्ज्य आहे. हा लेप ज्या द्रव्याचा असतो त्याचा शोध १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला लागला. मध्यम आचेवर तो लेप अन्नाशी कोणतीही क्रिया करीत नाही, ही त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पण सुमारे २६० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊ लागते, आणि साडेतीनशेच्या पुढे निघणारा धूर श्वसनाला अपायकारक असून पिंजऱ्यातील पाखरे त्याने दगावल्याचे दाखले आहेत. मोठ्या ज्वाळेवर ठेवलेला रिकामा तवा काही मिनिटांतच ती मर्यादा गाठू शकतो. लेप तयार करताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केले. मोठ्या उत्पादकांनी ते त्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने सोडून दिले असले, तरी उष्णतेचा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अशी भांडी अति तापविण्याबद्दल सावध केले आहे. सारांश, अंड्याच्या पोळीला हे भांडे मंद आचेवर चालेल. भाकरीला मात्र ते सर्वस्वी अयोग्य होय.

भाकरीचा तवा लोखंडाचाच हवा. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते, तेव्हा वाटेवरच्या घरांतून वारकऱ्यांसाठी भाकरीच्या चवडी उतरतात. तासन् तास आचेवर राहूनही ज्याचे काही बिघडत नाही, असा तो साधा लोखंडी पत्र्याचा तवा अल्प किमतीचा आणि दीर्घायुषी आहे. बिडाच्या तव्याला थोडी अधिक किंमत आणि थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. नवा तवा प्रथम साबणाने घासून त्यावरचे कारखान्यातील तेल काढावे, आचेवर पूर्ण सुकवावा, मग तेलाचे अत्यंत पातळ बोट फिरवून, जादा तेल फडक्याने पुसून, धूर निघेपर्यंत तापवावा आणि आपोआप गार होऊ द्यावा; ही क्रिया चार-पाच वेळा केली म्हणजे तेलाचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन लोखंडावर काळे, गुळगुळीत आणि टिकाऊ आवरण तयार होते. तवा मुरला म्हणतात तो हाच. या कामास हवेत सुकणारे तेल उत्तम, आणि करडईचे तेल त्या जातीचे आहे. करडई हे आपल्या कोरडवाहू पट्ट्याचे जुने पीक असून नीरेपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यावर दीर्घकाळ काम चालले आहे. हे तेल न मिळाल्यास जवसाचे अथवा शेंगदाण्याचे तेलही चालेल.

येथे पाण्याविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे. कालव्याच्या बागायतीने नीरा खोऱ्यातील बऱ्याच जमिनी खारवट झाल्या; कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांचा अभ्यास केला होता. ज्या गावी विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी असे क्षारयुक्त आहे, तेथे ओले लोखंड अधिक झपाट्याने गंजते. म्हणून तवा भिजत ठेवू नये, धुतल्याबरोबर आचेवर सुकवावा आणि तेलाचे बोट लावून ठेवावा. गंज चढलाच तर घासून पुन्हा मुरवावा, कारण गंजाने तव्याचे आयुष्य संपत नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी मात्र कदापि ओतू नये. ते तडकते, आणि तडकलेले बीड सांधत नाही.

लोखंडाचा दुसरा लाभ आरोग्याचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, आणि इथिओपियातील बालकांवर केलेल्या, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोखंडी भांड्यात शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे रक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यातले अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेले आढळले. मेथी, शेपू, पिठले, मटकीची उसळ लोखंडी कढईत अवश्य करावी. कढई औषधाची जागा घेऊ शकत नाही, आणि ज्या घरी थॅलेसेमियाचा रुग्ण आहे तेथे वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा मार्ग धरू नये, एवढे तारतम्य ठेवावे. चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचे सार, ताकाची कढी, आमसूल घातलेला भिगवणच्या मासळीचा रस्सा असे आंबट पदार्थ मात्र लोखंडात शिजवू नयेत आणि शिजल्यावर त्यात ठेवू तर मुळीच नयेत. आम्लाने मुरलेले आवरण उखडते, अन्न काळवंडते व त्याला लोखंडाची चव येते.

जे जुने ते निर्दोष, असे मानण्याची प्रवृत्ती सध्या वाढत असून पितळेची भांडी पुन्हा मोलाने घेतली जात आहेत. या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील एक दाखला प्रत्येक घरी ठाऊक असला पाहिजे. यकृताचा एक प्राणघातक विकार भारतातील तान्ह्या व लहान मुलांना होत असे; पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत १९८० च्या दशकात त्याचा मागोवा घेतला. या बालकांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे, आणि त्यांच्या आहाराचा इतिहास तपासता, कल्हई नसलेल्या पितळी अथवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले गाई-म्हशीचे दूध त्यांना अगदी लहानपणापासून पाजले गेल्याचे वारंवार दिसून आले. दुधातील प्रथिने तांबे स्वतःशी बांधून घेतात. जसजशी घरोघरी दुधासाठी पितळेऐवजी स्टील व ॲल्युमिनियम आले, तसतसा तो विकार दुर्मीळ होत गेला. दुधावर ज्यांचा प्रपंच चालतो अशा आपल्या तालुक्यांत म्हणूनच निक्षून सांगावेसे वाटते की बाळाचे दूध पितळेत तापवू नये. कल्हई केलेले पातेले वरणभाताला चालेल. पण कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळते, म्हणून त्यात कोरडे भाजणे टाळावे, आणि आतून लालपिवळा धातू दिसू लागताच नवी कल्हई होईपर्यंत ते वापरातून काढावे.

ॲल्युमिनियम हा गरिबाच्या चुलीचा धातू. हंगामात ऊसतोडीसाठी बीड-अहिल्यानगर जिल्ह्यांकडून येणाऱ्या कुटुंबांच्या गाडीवर तो प्रामुख्याने दिसतो, कारण तो हलका, स्वस्त आणि लवकर तापणारा आहे. त्यात भात शिजविणे वा पाणी तापविणे यात धास्ती घेण्यासारखे काही नाही. आंबट व खारट पदार्थ मात्र त्यात शिजवून ठेवू नयेत. खरी भीती आहे ती भंगार वितळवून केलेल्या, कोणतीही मुद्रा नसलेल्या भांड्यांची, कारण त्यात शिसे मिसळलेले असू शकते. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परदेशांतून तेथे येणाऱ्या काही ॲल्युमिनियम, पितळ व हिंडालियमच्या भांड्यांतून शिसे उतरत असल्याचा जाहीर इशारा दिला. शिशाचा सर्वांत मोठा घात बालकांच्या मेंदूवर होतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही की जिभेला कळत नाही.

राहता राहिले स्टेनलेस स्टील. आंबट, खारट, दूध, ताक या सर्वांना रोजच्या वापरात हाच धातू सर्वाधिक निर्धास्त. स्वयंपाकासाठी ३०४ प्रतीचे, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले स्टील उत्तम; २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते पण खारवट पाण्यात लवकर डागाळते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, हा सर्वत्र रूढ असलेला समज अपुरा आहे, कारण ३०४ आणि २०२ या दोहोंनाही तो सारखाच चिकटत नाही. भांड्यावरचा ठसा आणि दुकानदाराची पावती हीच विश्वसनीय खूण. केंद्र शासनाने २०२४ साली स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या स्वयंपाकभांड्यांना भारतीय मानक ब्यूरोच्या मुद्रेची सक्ती करणारा हुकूम काढला असून त्यांची मानके अनुक्रमे आयएस १४७५६ व आयएस १६६० ही आहेत. वापरताना एक पथ्य पाळावे: थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू देऊ नये, पाणी उकळल्यावर टाकावे, अन्यथा मिठातील क्लोराइडमुळे तळाला बारीक खड्डे पडतात.

खर्चाचा हिशेब किमतीवरून न करता वर्षांवरून करावा. समजा, बिडाचा तवा १,००० रुपयांना पडला आणि तो २० वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च ५० रुपये. लेपाचे भांडे ६०० रुपयांना घेतले आणि लेप निघाल्यामुळे दोन वर्षांत टाकावे लागले, तर तोच खर्च ३०० रुपयांवर जातो. नीट निगा राखलेला बिडाचा तवा वीस वर्षांनी संपतही नाही, तो पुढील पिढीच्या हाती जातो.

यावरून माझा निर्णय असा: चार-पाच माणसांच्या घराला भाकरीचा एक लोखंडी तवा, थालीपीठ-धिरड्यांसाठी एक बिडाचा तवा, कोरड्या भाज्यांसाठी एक लोखंडी कढई, आणि आमटी, दूध, कढी यांसाठी जाड बुडाची स्टीलची दोन पातेली एवढी सामग्री पुरेशी आहे. ती एकदम घेण्याची ऐपत नसेल तर प्रथम भाकरीचा तवा व एक पातेले घ्यावे, बाकीची बेगमी सवडीने करावी.

वाचकांना शेवटी एकच विनंती. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून आपण भांड्यांची मोठी उतरंड देतो, आणि त्यातील पातळ, चकचकीत भांडी बहुधा माळ्यावरच जातात. यंदाच्या लग्नसराईत त्या उतरंडीतील निम्मी भांडी कमी करा आणि त्याच पैशात मानक ब्यूरोची मुद्रा असलेले जाड बुडाचे एक पातेले व आपल्या घरी मुरवून तयार केलेला एक बिडाचा तवा द्या. पुढील लेखांकात प्रेशर कुकर, त्याची झडप व त्याचे रबर यांचा विचार करू.